तिसरी पुकार

पहिल्या पुकारेला मार्थाआत्या माझ्या शेजारीच बसली होती.

उपदेश संपला होता, दानाच्या पिशव्या फिरून झाल्या होत्या. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला, झग्याच्या आतल्या खिशातून कागद काढला आणि घसा साफ केला. "प्रियजनहो, या मंडळीतील लाझर पाडळे यांची कन्या सालोमी आणि श्रीरामपूर येथील शमुवेल ओहोळ यांचा पुत्र प्रभाकर, या उभयतांचा विवाह करण्याचे योजिले आहे. ही पहिली पुकार होय. कोणास हरकत असल्यास त्याने ती प्रगट करावी."

आत्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"कोन सालोमी?" तिनं हळूच विचारलं.

आमच्या अख्ख्या गावात सालोमी मी एकटीच होते.

"आत्या, दादा तुला सांगणारच होते..."

"तू व्हय?"

मी मान हलवली. ती सतरंजीवरून उठली. सगळे प्रार्थनेला डोळे मिटून बसले होते, त्यामुळे तिच्या गुडघ्यांचा कटकन आवाज झाला तोसुद्धा मंदिरभर ऐकू गेला. पुरुषांच्या बाजूला बसलेल्या दादांकडे, माझ्या वडिलांकडे, तिनं एकदा पाहिलं आणि ती दारातून बाहेर पडली. दादांचे डोळे उघडेच होते. तिला जाताना त्यांनी पाहिलं, आणि मग घट्ट मिटून घेतले.

आम्हा ख्रिस्ती लोकांत लग्नाआधी तीन रविवार मंदिरात अशी नावं पुकारतात. हरकत घ्यायची तर तेव्हाच घ्यायची, पुढं नाही. आमच्या मंडळीत तोवर कुणी कधी घेतली नव्हती. पोरंसोरं तर पुकार म्हणजे लाडू कधी मिळणार याची बातमी असंच समजायची.

आत्या आणि दादा सख्खी भावंडं. आजोबांनी शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, भावंडं जशीच्या तशी उचलून नावं ठेवली होती, मार्था आणि लाझर. आत्या थोरली. तिचा नवरा ऐन तिशीत गेला, पदरी एक मुलगा, दासू. माती झाल्यावर आठ-दहा दिवसांनी ती भिंतीला टेकून "माझं आता कोन हाये" म्हणून रडत बसली होती. तेव्हा दादांनी मला उचललं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. मी दोन वर्षांची. "आक्का, ही तुझी. मोठी झाली की दासूची बायको होऊन तुझ्याच घरी येईल," असं ते म्हणाले. बहिणीच्या मुलाला भावाची मुलगी देणं आमच्यात नवलाचं नव्हतं. पण आत्यानं काही मागितलं नव्हतं, दादांनीच दिलं, आणि आत्यानं तो शब्द अठरा वर्षं नाकातल्या चमकीसारखा जपला. मला कुणी विचारलं तर ती म्हणायची, "ही व्हय? ही आमची हाये."

आणि मी जीव लावून बसले प्रभाकरला. तो श्रीरामपूरच्या एसटी डेपोत मेकॅनिक होता, हाताला कायम ग्रीसचा वास आणि तोंडात कायम गाणं. दासू वाईट नव्हता हो. दुधाचा टेम्पो चालवायचा, माझ्यावर भावासारखी माया करायचा, आणि अडचण तीच होती. मी दादांना सांगितलं तेव्हा ते आमच्या पिठाच्या गिरणीत उभे होते, केसांपासून पायापर्यंत पांढरे. खूप वेळ दळणाच्या दगडाला टाकीचे घाव घालत राहिले. शेवटी म्हणाले, "तुझ्या मनाविरुद्ध न्हाई करणार. आक्काला म्या सांगतो."

ते सांगणं काही झालं नाही. आत्या नणंदेच्या मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली होती. ती तिकडं अडकली आणि इकडं ओहोळांची माणसं आली, बोलणी झाली, साखरपुडासुद्धा झाला. दादा रोज म्हणायचे, आली की सांगतो, आणि दासूलाही म्हणाले, मीच सांगतो, तू बोलू नको. ती शनिवारी संध्याकाळी आली. दादा म्हणाले, दमून आलीय, सकाळी सांगतो. सकाळी म्हणाले, मंदिरातून आल्यावर निवांत सांगतो. माझे वडील वाघ अंगावर आला तरी आधी त्याला बसायला पाट देतील असे सौम्य. आणि सौम्य माणसाचा एक दोष असतो, दुसऱ्याला दुखवायची वेळ आली की तो उद्या म्हणतो.

त्या दुपारीच दादा आत्याच्या घरी गेले. आईनं मला मागं पाठवलं, "जा गं, बहीण-भाऊ एकमेकांच्या उरावर बसायचे," म्हणून. उरावर कसलं बसतायत! आत्या अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती आणि दादांकडे पाठ करून कोंबड्यांशीच बोलत होती.

"तांबडे, ऐकलं का? लोकं घरात लेकीचं लगीन ठरवत्यात आन सख्ख्या बहिणीला पाळक साहेबाच्या तोंडून ऐकवत्यात."

"आक्का, चुकलं माझं."

"चुकलं म्हणं तांबडे. अठरा वर्सं मी ह्या पोरीला आपली म्हणत फिरले. गावाला काय तोंड दाखवू, इचार त्यांला."

"आक्का, पोरीचं मन..."

आता आत्या वळली, पण पाहिलं तिनं माझ्याकडे. "पोरीचं मन मला कळतं. म्या काय बांधून नेणार व्हते का तिला? यिऊन सांगितलं असतं, 'आक्का, असं असं हाये', तर म्या चार शिव्या दिल्या असत्या आन सोडलं असतं." मग पुन्हा कोंबडीला, "तांबडे, तिसऱ्या पुकारेला म्या हुबी ऱ्हानार. सगळ्या मंडळीदेखत सांगणार, ही पोरगी शब्दानं माझी हाये. पुढं काय व्हायचं ते व्हवो."

ती दादांशी एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिचं दळणसुद्धा शेजारच्या गावाला जायला लागलं, दासूच्या टेम्पोतून. रोज गिरणीवर येऊन दादांच्या डब्यातली भाजी चाखून नावं ठेवणारी बाई, समोरून दादा दिसले की पदर ओढून गल्ली बदलायची. दादांचं जेवण तुटलं. आई म्हणाली, "अहो, एवढं काय मनाला लावून घेता?" ते म्हणाले, "ती मला शिव्या देत न्हाई गं. कधी असं झालं न्हवतं."

दुसरी पुकार झाली. आत्या आली नाही.

तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी दासू आला. टेम्पो चालूच ठेवून खिडकीतून म्हणाला, "सालू, आई उद्या उठणार बरं का. पक्की. म्या लई सांगितलं, आई, मला न्हाई करायचं सालूशी लगीन, तू का मधी? तर म्हणती, ह्यो तुझा प्रश्नच न्हाई, माझ्या भावाच्या तोंडचा हाये."

"अरे, पण उद्या प्रभाकर आणि त्याचे वडील येतायत!"

बस्ता बांधायला ते नगरला जाणार होते, आणि वाटेत आमच्याकडे उपासनेला थांबणार होते. प्रभाकरचे वडील, शमुवेलमामा, रेल्वेतून निवृत्त झालेले, मिशांना पीळ, अब्रूला फार जपणारे. साखरपुड्यातच त्यांनी सांगितलं होतं, "आमच्या घराण्यात कुणाच्या नावाला कधी बोट लागलेलं नाही." मंदिरात हरकत निघाली तर ते प्रभाकरचा दंड धरून उठतील, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. आणि हरकत निघाली की चौकशी होईस्तोवर पाळकाला लग्न लावता येत नाही. आईनं देवाला हाका मारायला सुरुवात केली. दादा सगळं ऐकून घेत होते. मग त्यांनी आपला पांढरा सदरा स्वतःच धुतला आणि दोरीवर टाकला.

आमचे पाळकसाहेब, अरुळराजसाहेब, मूळचे तिरुनेलवेलीकडचे. मराठी ते आमचं शास्त्र वाचूनच शिकले होते, त्यामुळे बोलायचेही तसंच. गिरणीवर येऊन "बंधो, माझे दळण सिद्ध झाले काय?" असं विचारायचे. भाजीवालीला एकदा "हे स्त्रिये, ही वांगी खचित ताजी आहेत काय?" म्हणाले, तर ती बिचारी टोपली टाकून पळायची राहिली. माणूस मात्र सोन्यासारखा. मंडळीचा त्यांच्यावर जीव होता.

त्या रविवारी आत्या आली, नवं लुगडं नेसून, सगळ्यांत पुढं बसली. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. प्रभाकर आणि शमुवेलमामा पुरुषांच्या बाजूला, भिंतीपाशी. दादा मधोमध.

साहेब काही आठवडे प्रभूच्या डोंगरावरच्या उपदेशावर बोलत होते. त्या दिवशी 'समेट करणारे ते धन्य' या वचनावर बोलले. म्हणाले, "प्रियजनहो, धनवान आणि धन्य यांत भेद आहे. धनवानाचे सुख त्याच्या पेटीत असते. धन्य मनुष्याचे सुख कोणी चोरू शकत नाही, कारण ते तो दुसऱ्यास देऊन बसलेला असतो." एरवी मी हे वहीत उतरवून घेतलं असतं. त्या दिवशी माझे डोळे आत्याच्या पाठीवर खिळले होते.

मग चष्मा पुसला गेला. कागद निघाला. नावं वाचली गेली. "ही तिसरी व अंतिम पुकार होय. कोणास हरकत असल्यास..."

आत्यानं जमिनीला हात टेकला. उठण्यासाठी.

"हरकत माझी हाये, साहेब."

आवाज पुरुषांच्या बाजूनं आला. दादा उभे होते.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "बंधू लाझर? आपण तर वधूचे पिता आहात!"

"व्हय साहेब. म्हणूनच."

आईनं माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. आत्या अर्धवट उठलेली तशीच पुन्हा खाली बसली.

"माझ्या थोरल्या बहिणीचा मालक गेला," दादा म्हणाले. त्यांना चारचौघांत बोलायची सवय नव्हती, हात कुठं ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं. "तवा ही पोर म्या तिच्या मांडीवर ठिवली. ही तुझी, म्हणलं. तिनं मागितली न्हवती. म्याच दिली. मोठेपणी पोरीचं मन दुसरीकडं बसलं. त्यात तिचा दोष न्हाई आन त्या पोराचाबी न्हाई. पोरीला न इचारता शब्द देणारा म्या कोन? पर दिला व्हता. मंग तो परत मागायला म्याच बहिणीच्या दारात जायला पायजे व्हतं. म्या भ्यालो. आज सांगू, उद्या सांगू करीत ऱ्हायलो. तिला हितं, सगळ्यांच्या देखत, कळलं. आपलं होय ते होय असावं, न्हाई ते न्हाई, असं प्रभूनं शिकवलंय. माझं होयबी खोटं निघालं आन न्हाईबी. तवा ह्या पुकारेत खोट हाये ती माझी. पोरीच्या नावाला लावू नका, बहिणीच्या बी नका. आक्का, मला माफ कर. तू माफ करस्तोवर म्या खाली बसणार न्हाई."

आणि ते उभेच राहिले.

खरं सांगते, मला त्या क्षणी दादांचा भयंकर राग आला. माझा सगळा जन्म त्यांनी नेऊन आत्याच्या ओटीत टाकला, दुसऱ्यांदा! शमुवेलमामांकडे पाहायचा मला धीर होत नव्हता. प्रभाकरची मान खाली होती.

साहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले, "भगिनी मार्था, आपणांस काही बोलावयाचे आहे काय?"

आत्या उठली. पदर सावरला. भावाकडे वळून तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, इस्त्री नसलेल्या त्या सदऱ्यासकट. तिचा चेहरा लाल झाला. मग तिनं सगळ्यांदेखत कपाळावर हात मारून घेतला आणि तोंड भरून म्हणाली, "धन्य आहेस रे बाबा लाझऱ्या! धन्य आहेस!"

आता हे आपण कसं म्हणतो ते सांगायला नको. पोरानं दूध उतू घालवलं, नवरा पिशवी दुकानात विसरून आला, की घरोघर हेच शब्द निघतात. बायकांत खुसखुस सुरू झाली. मागं कुणीतरी हसू दाबताना ठसकलं.

पण अरुळराजसाहेब मराठी शास्त्रातून शिकले होते. त्यांचा चेहरा असा उजळला की बस. त्यांनी दोन्ही हात वर केले.

"आमेन! प्रियजनहो, ऐकलेत? भगिनीने आपल्या भावास धन्य म्हटले! मी अर्धा तास जे सांगत होतो, ते तिने एका शब्दात सांगितले!" त्यांचे डोळे भरून आले होते. "देवाची स्तुती असो. समेट झाला. आता हरकत उरली नाही, असे मी जाहीर करतो."

आत्यानं तोंड उघडलं. "अवो साहेब, म्या तसं न्हाई..."

ती थांबली. ती दादांकडे पाहत होती. मीही पाहिलं. दादा हसत होते. गाल ओले, आणि दोन आठवडे न जेवलेला तो माणूस लहान मुलासारखा हसत होता. तेवढं सुखी मी त्यांना ना त्याआधी पाहिलं होतं, ना माझ्या लग्नात.

आत्यानं तोंड मिटलं. मग म्हणाली, "आता बस की रे खाली. पाय दुखतील." आणि स्वतःही बसली.

मंडळीनं आमेन म्हटलं, हसतच. साहेबांनी लगेच गीत सुरू केलं, आणि ते इतक्या जोरात म्हटलेलं मी परत कधी ऐकलं नाही.

बाहेर आल्यावर शमुवेलमामा दादांसमोर उभे राहिले. मिशीला पीळ दिला. ते म्हणाले, "पाडळे, अब्रू झाकणारे लई बघितले. चारचौघांत स्वतःहून उघडी करून धुणारा आजच बघितला. चला, बस्त्याला उशीर होतोय." प्रभाकरनं मागं वळून माझ्याकडे पाहिलं आणि शीळ घातली, मंदिराच्या आवारात, निर्लज्जासारखी.

हळदीच्या दिवशी आत्याच पुढं. ती माझ्या तोंडाला हळद थापत होती तेव्हा मी तिला विचारलं, "आत्या, त्या दिवशी साहेबांना खरं का नाही सांगितलंस?"

"सांगणार व्हते गं. तोंडाशी आलं व्हतं." तिनं इकडं तिकडं पाहिलं. "पर तुझ्या बापाचं तोंड बघितलं. त्या येड्याला खरंच वाटलं! वाटलं, बहिणीनं आशीर्वाद दिला. शास्त्रातल्या त्या आंधळ्या म्हाताऱ्यानं थोरल्या लेकाचा आशीर्वाद चुकून धाकट्याला दिला, मंग परत घेतला का? न्हाई ना घेता आला? तसंच ते. एकदा तोंडातून गेला, गेला." तिनं माझा गाल जरा जास्तच जोरात चोळला. "आन खरं सांगू? तो सुखात दिसला तशी माझी आग इझलीच. त्याला सांगू नगं हां. त्याच्यावर जगतोय तो, जगू दे."

मी शब्द दिला.

वर्षानं मी बाळंतपणाला माहेरी आले. दासूचंही लग्न झालं होतं तोवर, संगमनेरच्या हन्नाशी, आणि आत्या तिच्या डोक्यावर बसली होती की ती आत्याच्या, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आत्या रोज बाळाला न्हाऊ घालायला यायची. एका सकाळी ती बाहेर बाळाला पायावर घेऊन तेल चोळत होती, गात होती, आणि आत दादा माझ्यासाठी चहा गाळत होते. मला राहवलं नाही. आत्याला दिलेला शब्द न मोडता मी नुसतं विचारलं, "दादा, त्या दिवशी मंदिरात तुम्ही एवढे का हसत होता?"

दादांनी बाहेर एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"मला काय येडा समजतेस? लहानपणापास्नं आक्का मला तेच म्हणत आलीय. बैल सुटला, धन्य आहेस लाझऱ्या. घागर फुटली, धन्य आहेस लाझऱ्या. साहेबांनी काय ऐकलं ते साहेबांना ठाऊक. म्या ऐकलं की आक्का मला बोलली. दोन आठवडे कोंबडीशी बोलत व्हती, ती माझ्याशी बोलली! लाझऱ्या म्हणाली!" त्यांचे डोळे आताही भरले. "दुसरं कसलं सुख पायजे व्हतं मला?"

"मग तुम्ही साहेबांना सांगायचं ना, की ती तसं नाही म्हणाली."

"का बरं? तिला मागं फिरायला एक वाट गावली व्हती, ती म्या बुजवू? म्या त्या दिवशी तिच्या आधी उठलो तो त्याच्यापायीच. ती उठली असती तर जन्मभर लोकांनी म्हणलं असतं, भाचीचं लगीन मोडायला निघालेली बाई." त्यांनी कप माझ्या हातात दिला. "तिला वाटतंय, म्या फसलो. त्यातच ती खूश हाये. तू बोलू नगंस तिला."

मी त्यांनाही शब्द दिला.

मोडलेल्या एका शब्दावरून आमच्या घरात एवढं रामायण झालं होतं, म्हणून हे दोन मी फार सांभाळले. पुढं कितीतरी वर्षं दोघं आमच्या ओट्यावर शेजारी शेजारी बसायची. आत्या दादांच्या ताटातली भाजी चाखून नाव ठेवायची. प्रत्येकाला वाटायचं, आपण दुसऱ्याचं सुख राखलंय, आणि त्या समजुतीनं दोघांचेही चेहरे कसे निवलेले असायचे. मी मधे बसून चहा प्यायचे आणि गप्प राहायचे. जड वाटायचं कधी कधी.

आत्या आधी गेली, दादा दुसऱ्या वर्षी. आज पहिल्यांदा हे कुणाला तरी सांगतेय. दिलेला शब्द मोडतेय असं मला वाटत नाही. दोघं आता जिथं आहेत तिथं एव्हाना त्यांना एकमेकांचं कळलंच असेल, आणि आत्यानं कपाळावर हात मारून घेतला असेल.